कर्ज फेडताना मधल्या महिन्यांत उमेद का खचते आणि ती कशी टिकवावी

प्रश्न थोडक्यात असा आहे. पिंपरी-चिंचवडच्या एका कारखान्यात नोकरी करणाऱ्या, हातात ४६,००० रुपये पगार येणाऱ्या गृहस्थांवर पाच ठिकाणचे देणे आहे; पुढचे आकडे आठ महिन्यांपूर्वीचे आहेत. बँकेचे ३,००,००० रुपयांचे वैयक्तिक कर्ज १४ टक्के दराने पाच वर्षांसाठी, पतसंस्थेचे १,००,००० रुपये १२ टक्क्यांनी तीन वर्षांसाठी, क्रेडिट कार्डावर ७२,००० रुपये, मोबाईलचा दरमहा २,१५० रुपयांचा हप्ता आणि मेहुण्यांकडून घेतलेले ३०,००० रुपये हातउसने. आठ महिन्यांपूर्वी त्यांनी नवे काही घ्यायचे नाही असा निश्चय केला आणि तेव्हापासून एकही हप्ता चुकवलेला नाही. कार्डाची किमान देय रक्कम ते दरमहा भरतात. महिनाअखेरीस चार हजारांच्या आसपास उरतात, ते कधी या खात्यात तर कधी त्या खात्यात टाकतात. तरीही ते लिहितात की आकडा हलतच नाही, भरण्याचा उत्साह संपला आहे, आणि सगळे सोडून द्यावे असे वाटू लागले आहे.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्टपणे सांगतो. तुमची उमेद खचली आहे ती तुमचा निश्चय कच्चा होता म्हणून नव्हे. बँकेच्या कर्जविभागात आणि पुढे कर्जदारांच्या समुपदेशनात इतकी वर्षे काढल्यानंतर माझा अनुभव असा आहे की पहिल्या दोन-तीन महिन्यांत सहसा कोणी मागे फिरत नाही. माणूस थकतो तो आठव्या ते पंधराव्या महिन्याच्या दरम्यान, आणि त्यातही जास्त थकतात ते नियमाने भरणारे. भरलेला पैसा त्यांना दर महिन्याला स्पष्ट दिसतो, कारण तो पगारातून जातो. पण त्या पैशाने मुद्दल किती उतरले हे त्यांना कोणी दाखवत नाही. त्यामुळे मन कसे घट्ट करावे यापेक्षा, उतरणारे मुद्दल दर महिन्याला डोळ्यांना दिसेल अशी देण्यांची मांडणी कशी करावी, याचा विचार तुम्ही करावा असे मी सुचवेन. पुढचे सगळे उत्तर याच एका मुद्द्यावर उभे आहे.

तुमचे वैयक्तिक कर्जच घेऊ. ३,००,००० रुपये, १४ टक्के, ६० हप्ते. हप्ता सुमारे ६,९८० रुपये. पहिल्या महिन्याचे व्याज होते ३,५०० रुपये, म्हणजे पहिल्या हप्त्यातला निम्म्याहून थोडा अधिक भाग व्याजात गेला आणि मुद्दल उतरले जेमतेम ३,४८० रुपयांनी. आठ हप्त्यांत मिळून तुम्ही ५५,८०० रुपये भरलेत आणि कर्ज कमी झाले २९,००० रुपयांनी. यात बँकेने काही लबाडी केलेली नाही. समान हप्त्याच्या कर्जाची रचनाच अशी असते की सुरुवातीला व्याजाचा वाटा मोठा असतो आणि शेवटाकडे मुद्दलाचा. याच कर्जात तीस हप्ते, म्हणजे बरोबर निम्मी मुदत संपेल तेव्हाही १,७५,००० रुपयांहून अधिक देणे शिल्लक असेल. कर्ज निम्म्यावर येण्यास सुमारे पस्तीस हप्ते लागतील. ज्याला हे आधी सांगितलेले नसते तो निम्म्या वाटेवर शिल्लक पाहतो आणि आपले काहीतरी चुकते आहे असे समजून हातपाय गाळतो. १ ऑक्टोबर २०२४ पासून रिझर्व्ह बँकेने वैयक्तिक ग्राहकांच्या मुदत कर्जांसाठी मुख्य बाबींचे विवरणपत्र (की फॅक्ट स्टेटमेंट) देणे बंधनकारक केले आहे. त्यात वार्षिक एकूण खर्चाचा दर असतो आणि हप्तानिहाय व्याज व मुद्दल यांचा तक्ताही असतो. तुमचे कर्ज त्यानंतरचे असल्याने हा कागद तुमच्याकडे असला पाहिजे. नसेल तर शाखेतून मागून घ्या.

कार्डाचे गणित मात्र खरोखरच वाईट आहे आणि तुमच्या निराशेचे मूळ बहुधा तिथेच आहे. कार्डाचा दर दरमहा साडेतीन टक्के धरला तर ७२,००० रुपयांवर एका महिन्याचे व्याज होते २,५२० रुपये, आणि त्या व्याजावर १८ टक्के वस्तू व सेवा कर म्हणजे आणखी ४५४ रुपये. तुम्ही भरलेली किमान देय रक्कम, पाच टक्के दराने, ३,६०० रुपये. याचा अर्थ ३,६०० रुपये भरून कर्ज उतरले केवळ ६२६ रुपयांनी. आठ महिन्यांत तुम्ही कार्डाला सुमारे २८,००० रुपये दिलेत आणि ७२,००० चे ६७,००० झाले. याच गतीने, फक्त किमान रक्कम भरत राहिल्यास, हे कर्ज निम्मे होण्यासच साडेसहा वर्षांहून अधिक काळ लागेल. किमान रक्कम भरल्याने खाते थकीत होत नाही आणि उशिराचा आकार लागत नाही, एवढाच तिचा उपयोग आहे. कर्ज फेडण्याचा तो मार्ग नव्हे. शिवाय जोपर्यंत मागील बाकी पुढे ओढली जाते तोपर्यंत बिनव्याजी मुदत मिळत नाही, आणि नव्या खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज सुरू होते. तेव्हा त्या कार्डावर किराणा किंवा पेट्रोल चालू असेल तर ते आजच थांबवा.

आता पाचही देण्यांची बेरीज करू. आठ महिन्यांपूर्वी, मोबाईलचे तेरा हप्ते बाकी होते असे धरून, तुमचे एकूण देणे ५,३०,००० रुपयांच्या घरात होते. आज ते साधारण ४,६०,००० आहे. या काळात तुम्ही नियमित हप्त्यांपोटी १,२७,५०० रुपये भरलेत आणि त्यातून ७०,००० रुपये देणे खरोखर उतरले. वेळोवेळी टाकलेली वरची रक्कम मी यात धरलेलीच नाही, म्हणजे प्रत्यक्षातला आकडा याहून चांगला असेल. "आकडा हलतच नाही" हे तुमचे वाक्य कार्डापुरते खरे आहे; एकूण देण्याच्या बाबतीत ते खरे नाही. पण पाच ठिकाणच्या पाच आकड्यांत विखुरलेले सत्तर हजार रुपये कोणालाही दिसत नाहीत, आणि जे दिसत नाही त्यातून बळही मिळत नाही.

म्हणून पहिले काम वहीचे. मोबाईलमध्ये हिशेब ठेवणारी अनेक साधने आहेत, ती वापरणाऱ्यांना माझा विरोध नाही. तरीही कर्जफेडीसाठी मी कागदाची वही सुचवतो, कारण ती घरातल्या दुसऱ्या माणसालाही उघडून पाहता येते. माझ्याकडे येणाऱ्या एका दांपत्याची वही मला फार आवडली होती. गृहस्थ टेम्पो चालवत आणि बाई घरी ब्लाउज शिवत. त्यांनी प्रत्येक देण्याला एक पान दिले होते आणि पानावर तीनच रकाने होते: भरले, व्याजात गेले, मुद्दल उतरले. पहिले दोन रकाने निळ्या शाईने आणि तिसरा लाल शाईने लिहिलेला. दर महिन्याच्या सात तारखेला गृहस्थ बँकेच्या उताऱ्यावरून आकडे वाचत आणि बाई लिहीत. शेवटच्या पानावर सगळ्या देण्यांची एकत्र शिल्लक असे आणि तिच्याखाली मागील महिन्याची, म्हणजे वजाबाकी तिथल्या तिथे होई. एका महिन्यात टेम्पोच्या दुरुस्तीचे काम निघाले आणि वरचे काहीच भरता आले नाही. त्या महिन्यातही लाल रकान्यात काही हजारांचा आकडा पडलाच, कारण नियमित हप्ते गेले होते. तो आकडा पाहून बाई म्हणाल्या की हा महिना वाया गेला असे तीस दिवस वाटत होते, तसे नाही म्हणायचे. अशा वेळी हातात लेखी पुरावा असणे किती महत्त्वाचे असते ते त्या दिवशी मला नव्याने जाणवले.

वही सुरू केल्यानंतरचा प्रश्न म्हणजे जास्तीचे चार हजार कुठे टाकायचे. तुम्ही ते सगळीकडे थोडे थोडे टाकता, आणि उत्साहाच्या दृष्टीने हीच सर्वांत महागडी सवय आहे. थोडे थोडे सगळीकडे टाकल्याने कोणतेच खाते लवकर बंद होत नाही. खाते बंद होणे ही घटना किती मोलाची असते याचा अभ्यास झालेला आहे. अमेरिकेत कर्ज-तडजोडीच्या कार्यक्रमात सामील झालेल्या हजारो ग्राहकांच्या नोंदी तपासून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले की ज्यांची जास्त खाती पूर्ण बंद झाली होती ते सगळे कर्ज फेडून मोकळे होण्याची शक्यता अधिक होती, मग त्या खात्यांतील रक्कम लहान का असेना. सिंगापूरमध्ये एका सेवाभावी संस्थेने गरीब कुटुंबांची जुनी देणी फेडली, त्या कुटुंबांचा अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यात सारख्याच रकमेची मदत मिळालेल्यांपैकी ज्यांची अधिक खाती मिटली त्यांची चिंता अधिक कमी झालेली आढळली आणि विचारशक्तीच्या चाचण्यांतही ते अधिक सुधारले. प्रत्येक उघडे खाते डोक्यात जागा अडवून बसते, हे कर्जदाराला कोणी सांगावे लागत नाही.

यावरून काही सल्लागार सरसकट सांगतात की सर्वांत लहान कर्ज आधी फेडा, आणि दुसरे काही तितक्याच ठामपणे सांगतात की सर्वांत जास्त व्याजाचे आधी फेडा. मला यातला कोणताही एक नियम डोळे मिटून लावणे पटत नाही. जिथे दरांत दोन-तीन टक्क्यांचा फरक आहे तिथे लहान कर्ज आधी मिटवून समाधान मिळवण्यात फारसे नुकसान नाही. तुमच्या बाबतीत मात्र एका बाजूला १२ आणि १४ टक्के आहेत आणि दुसऱ्या बाजूला करासह जवळजवळ ५० टक्के वार्षिक दराचे कार्ड आहे. इतक्या मोठ्या फरकापुढे वाद संपतो. सुदैवाने मोबाईलचे पाचच हप्ते उरले आहेत, म्हणजे एक खाते काहीही वेगळे न करता लवकरच बंद होणार आहे, आणि त्याचे समाधान तुम्हाला फुकट मिळणार आहे.

माझी मांडणी अशी राहील. पहिले दोन महिने जास्तीचे चार हजार कोणत्याही कर्जात न टाकता वेगळ्या बचत खात्यात ठेवा; आठ हजारांची ही छोटी गंगाजळी कशासाठी ते पुढे सांगतो. या काळात कार्डाला मात्र विवरणपत्रातील घटती किमान रक्कम न भरता पूर्वीचे ३,६०० रुपयेच भरत राहा. तिसऱ्या महिन्यापासून ३,६०० आणि ४,००० असे ७,६०० रुपये कार्डाला जातील. पाच महिन्यांनी मोबाईल संपला की त्याचे २,१५० रुपये त्यात मिळतील आणि कार्डाला दरमहा ९,७५० रुपये जाऊ लागतील. असे केल्यास आजपासून सुमारे अकरा महिन्यांत कार्ड संपते. त्यानंतर हेच ९,७५० रुपये मेहुण्यांकडे वळवले तर तीन-चार महिन्यांत त्यांचे पैसे फिटतात, मग पतसंस्थेच्या नियमित हप्त्यासह तिकडे वळवले तर आणखी तीन-चार महिन्यांत ते खाते बंद होते, आणि शेवटी सगळी ताकद वैयक्तिक कर्जावर आली की तेही दहा-अकरा महिन्यांत उरकते. ज्या कर्जाला अजून बावन्न हप्ते बाकी आहेत ते, इतर सगळ्या देण्यांसह, साधारण अडीच वर्षांत संपू शकते. यासाठी तुम्हाला पगारवाढ लागत नाही, की आजच्यापेक्षा एक रुपयाही अधिक काढावा लागत नाही. जे खाते मिटले त्याचा हप्ता घरखर्चात विरू न देता पुढच्या खात्याकडे वळवणे एवढेच लागते. एक सावधगिरी घ्या. वैयक्तिक कर्जे बहुतेक स्थिर दराची असतात आणि त्यांच्या मुदतपूर्व फेडीवर आकार किंवा काही महिन्यांची मनाई असू शकते. ती अट मुख्य बाबींच्या विवरणपत्रात पाहा, आणि दरमहा थोडे भरण्यास बँक राजी नसेल तर रक्कम साठवून एकदम भरा.

कार्डाची बाकी कमी दराच्या कर्जात बदलून घ्यावी का, हेही तुम्ही विचारले आहे. आकड्यांच्या दृष्टीने उत्तर होय असे आहे. घरात सोने असेल तर बँकेचे सोनेतारण कर्ज किंवा पतसंस्थेकडून थोडे वाढीव कर्ज घेऊन कार्ड एकरकमी मिटवल्यास व्याजाचा दर तिपटीने-चौपटीने खाली येतो. पण मी ज्या कुटुंबांत हा उपाय फसलेला पाहिला तिथे दर वेळी एकच गोष्ट घडली होती: कार्ड रिकामे झाले, खिशात तसेच राहिले, आणि वर्षभरात ते पुन्हा भरले, म्हणजे एका कर्जाच्या जागी दोन झाली. म्हणून हा मार्ग घ्यायचा असेल तर बाकी मिटवल्याबरोबर कार्ड बंद करण्याची लेखी विनंती करा. बाकी शून्य असताना अशी विनंती आल्यास कामाच्या सात दिवसांत कार्ड बंद करणे बँकेला बंधनकारक आहे, आणि उशीर झाल्यास दर दिवसाला ५०० रुपये ग्राहकाला देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. कार्ड बंद करण्याची मनाची तयारी नसेल तर कर्ज बदलूही नका. वरची मांडणीच बरी.

आता गंगाजळीचे कारण. उमेद एका फटक्यात खचते ती बहुतेक वेळा एकाच प्रसंगाने: दहा महिने काटकसर करून कार्ड वीस हजारांनी खाली आणावे, आणि मुलाच्या दाताचा खर्च किंवा गाडीच्या इंजिनाचे काम निघून पंधरा हजार पुन्हा त्यावर चढावेत. रक्कम फार मोठी नसते, पण आपण आहोत तिथेच आहोत ही भावना माणसाला मोडून टाकते, आणि त्याच आठवड्यात मोबाईलवर झटपट कर्जाचा संदेश आला तर तो तेही घेतो. आठ-दहा हजार रुपये वेगळे ठेवलेले असतील तर तोच खर्च होतो, पण कर्जाची रेघ वर जात नाही. वहीतला लाल रकाना चालू राहतो. हे पैसे बचत खात्यात अगदी थोडे व्याज मिळवत असताना कार्डावर पन्नास टक्के भरणे मूर्खपणाचे आहे असे कोणी हिशेबी माणूस सांगेल. हिशेब त्याचा बरोबर आहे. तरीही मी ही रक्कम बाजूला ठेवायला लावतो, कारण ती नसल्यामुळे अर्ध्यावर सुटलेल्या कर्जफेडी मी फार पाहिल्या आहेत.

यातच आणखी एक भेद करा. जूनमधली शाळेची फी, वह्या-गणवेश, विम्याचा वार्षिक हप्ता, गणपती, दिवाळी, घरातले ठरलेले लग्न हे अडीनडीचे खर्च नव्हेत. ते दर वर्षी येतात आणि त्यांची तारीख आपल्याला माहीत असते. वर्षभराच्या अशा खर्चांची यादी करून बेरजेचा बारावा भाग दर महिन्याला वेगळा काढा. त्यामुळे चार हजारांचे तीनच हजार उरले आणि कार्ड अकराऐवजी बारा-तेरा महिन्यांत संपले तरी चालेल. सण साजरा करू नका असे मी कोणत्याही कुटुंबाला सांगत नाही. गणपतीला आरास साधी ठेवता येते, दिवाळीचा फराळ घरी करता येतो, पण लेकरांना काहीच घेतले नाही तर त्याचा कडवटपणा कर्जफेडीवर उतरतो आणि पुढच्या वर्षी दुप्पट खर्च होतो. कंपनीकडून बोनस मिळणार असेल तर तो हातात येण्यापूर्वी, महिनाभर आधी, त्याची वाटणी वहीत लिहून ठेवा. माझ्या मते तीन भाग कर्जाला आणि एक भाग घराला, आणि तो एक भाग मोकळ्या मनाने खर्च करावा.

तुमच्या पत्रात एक वाक्य ओझरते येऊन गेले आहे, पण मला ते सर्वांत महत्त्वाचे वाटते: कार्डाविषयी पत्नीला पूर्ण कल्पना नाही. हे लपवणे तुम्हाला कर्जापेक्षा जास्त थकवते आहे. लपवलेल्या कर्जात चांगली बातमीही सांगता येत नाही. कार्ड दहा हजारांनी उतरले तरी तो आनंद एकट्याने गिळावा लागतो, आणि खर्चाला नकार देताना दर वेळी नवे कारण शोधावे लागते. शांत वेळ पाहून, आकडे कागदावर लिहून, सगळे एकदाच सांगा. थोडे आज आणि थोडे पुढच्या महिन्यात असे करू नका, कारण दुसऱ्यांदा उघड झालेला आकडा पहिल्यापेक्षा अधिक दुखावतो. त्या रागावतील, आणि तो राग योग्य असेल. पण मी पाहिलेल्या बहुतेक घरांत कर्ज दोघांचे झाल्यानंतरच फेड वेगाने झाली, आणि घरखर्चातली बचत सुचवणारे माणूस बहुधा तेच निघाले ज्याच्यापासून ते लपवले होते.

मेहुण्यांच्या तीस हजारांवर व्याज नाही, म्हणून मी ते मागे ठेवले आहेत. पण नात्यातल्या उसनवारीचा ताण आकड्यात मोजता येत नाही. ते काही बोलत नसतील, तरी घरच्या कार्यात त्यांच्यासमोर जाताना तुम्हाला संकोच वाटत असेल, आणि भाऊबीजेला जाणे टाळावेसे वाटत असेल. पैसे देण्याआधी त्यांना तारीख द्या. स्वतः फोन करून सांगा की कार्ड अमुक महिन्यात संपते आहे, त्यानंतर लगेच तीन-चार हप्त्यांत तुमचे पैसे देतो. शब्द दिलेला असला की टाळाटाळीचा संकोच जातो आणि समोरच्यालाही आपल्या पैशांचा विचार होतो आहे हे समजते. मात्र त्यांना खरोखर नड असेल, किंवा नाते आधीच ताणले गेले असेल, तर व्याजाचे गणित बाजूला ठेवून त्यांचे पैसे आधी द्या. काही हजार रुपये जास्त व्याज जाईल; ते जाऊ द्यावे.

गुंतवणुकीविषयी थोडक्यात सांगतो. म्युच्युअल फंडाचा मासिक हप्ता चालू असेल तर कार्ड संपेपर्यंत थांबवा, कारण पन्नास टक्क्यांचे कर्ज डोक्यावर असताना तेवढा परतावा कोणतीही गुंतवणूक खात्रीने देत नाही. आरोग्यविमा आणि मुदत विमा मात्र बंद करू नका. भविष्यनिर्वाह निधीला हात लावू नका.

हे सगळे ज्याचे गणित जमते त्याच्यासाठी आहे. तुमचे नियमित हप्ते मिळून १६,००० रुपयांच्या आसपास, म्हणजे पगाराच्या पस्तीस टक्के होतात. ओढाताण आहे, पण जमण्यासारखे आहे. ज्यांचे हप्ते पगाराच्या निम्म्याहून अधिक झाले आहेत आणि जे एक हप्ता भरण्यासाठी दुसरीकडून उचलतात, त्यांना उत्साहाविषयी काही सांगणे अन्यायाचे ठरेल. त्यांनी हप्ता थकण्याआधी शाखेत जाऊन मुदत वाढवून हप्ता कमी करण्याचा लेखी अर्ज द्यावा. खाते नव्वद दिवस थकून अनुत्पादक ठरल्यानंतर बोलणी करणे फार अवघड जाते. कमी रकमेत तडजोड करून घेण्याचा मार्ग शेवटचा समजावा, कारण पतअहवालात (क्रेडिट रिपोर्टमध्ये) ते खाते पूर्ण फेडलेले असे न दिसता तडजोडीने मिटवलेले असे दिसते आणि पुढची कर्जे अडतात. वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ च्या नंतर फोन करण्यास रिझर्व्ह बँकेची मनाई आहे. धमकी, शिवीगाळ किंवा नातेवाइकांना त्रास झाल्यास बँकेकडे लेखी तक्रार करावी आणि तीस दिवसांत उत्तर न मिळाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जावे. कर्जाच्या विचाराने झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, किंवा जिवाचे बरेवाईट करण्याचा विचार एकदाही मनात आला असेल, तर हप्त्यांचा हिशेब बाजूला ठेवून १४४१६ या टेली-मानस क्रमांकावर बोलावे. ही सरकारी सेवा विनामूल्य आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येते. कोणतेही कर्ज माणसाच्या जिवाएवढे मोठे नसते, हे मी पूर्ण जबाबदारीने लिहितो आहे.

या आठवड्यात तुम्ही तीन गोष्टी कराव्यात: पतसंस्था आणि बँक यांच्याकडून आजच्या शिल्लक मुद्दलाचे उतारे घेणे, पत्नीसोबत बसून वहीचे पहिले पान लिहिणे, आणि पगाराच्या दुसऱ्या दिवशी चार हजार रुपये आपोआप वेगळ्या खात्यात जातील अशी बँकेला स्थायी सूचना देणे. महिनाअखेरीस उरले तर भरू, या पद्धतीत दर महिन्याला नव्याने निश्चय करावा लागतो. सूचना दिलेली असली की तो एकदाच करावा लागतो. पुढे एकेक खाते मिटेल तसे त्याचे कागद त्याच वेळी गोळा करा. पतसंस्थेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणे उरले नाही असे पत्र, आणि तारणादाखल दिलेले कोरे धनादेश परत घ्या, तिथे जामीन राहिलेल्या सहकाऱ्यांना दाखल्याची प्रत द्या, बँकेकडून कर्ज बंद झाल्याचे पत्र घ्या, आणि महिना-दीड महिन्याने पतअहवाल काढून खाते बंद दिसते का ते तपासा. वर्षातून एकदा हा अहवाल प्रत्येक पतमाहिती कंपनीकडून विनामूल्य मिळतो. नोंद चुकीची असेल तर त्याच कंपनीकडे आणि बँकेकडे दुरुस्तीचा अर्ज करा, आणि दाखल्याची मूळ प्रत वहीत त्या खात्याच्या पानाला लावून ठेवा.